चौदा मे
(शताब्दी सोहळ्यात शारजा येथे केलेले भाषण)



आम्ही प्राथमिक शाळेत शिकवणारी माणसे. भाषणाची सवय नाही, म्हणून फळ्यावर लिहावी तशी एक तारीख सांगतो.

१४ मे १८७९. 'लिओनिदास' जहाज पहिल्या गिरमिटियांना घेऊन फिजीला पोहोचले. १९१६ पर्यंत साठ हजारांवर माणसे गेली, बहुतेक कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. आमच्यासारखी मराठी घरे थोडीच. घरात आजीची मराठी, बाहेर फिजी हिंदी.

१४ मे १९८७. बरोबर १०८ वर्षांनी, त्याच तारखेला, लेफ्टनंट कर्नल राबुका यांचे सैनिक सुवाच्या संसदेत शिरले. डॉ. बावद्रांचे सरकार जेमतेम महिन्याचे होते. त्यात भारतीय वंशाचे मंत्री बरेच, हे अनेकांना खुपत होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो. बाबांनी रेडिओ बंद केला. म्हणाले, "ऊस कुणासाठी थांबत नाही," आणि शेतावर गेले.

आम्ही राहिलो. शिक्षिकेचे प्रमाणपत्र घेतले, नोकरी धरली. मग १९ मे २००० ला पुन्हा बंदूकधारी संसदेत घुसले. पंतप्रधान महेंद्र चौधरी ५६ दिवस ओलीस होते. मुआनिवेनीकडे शेतकऱ्यांची घरे लुटली गेली. ती कुटुंबे लाऊटोकाच्या गिरमिट सेंटरमध्ये आश्रयाला आली. ती वास्तू आपल्या लोकांच्या आगमन-शताब्दीची आठवण म्हणून उभारलेली! तिथे आम्ही मुलांना शिकवायला जात होतो. एका मुलीने विचारले, "बाई, आता आपण परत जहाजात बसायचं का?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

पुढे आमच्या जमिनीचा पट्टा संपला, नवा मिळाला नाही. हद्दपारीचा हुकूम कुणी काढला नाही. पण जमीन नाही, रात्रीची झोप नाही, म्हटल्यावर माणूस आपणच पेटी भरतो.

या देशात परागंदा माणसे नवी नाहीत. २००६ च्या उठावात पदच्युत झालेले थायलंडचे थाकसिन दुबईत राहिले. १९९९ मध्ये स्वतः उठाव करणारे मुशर्रफ २०२३ मध्ये दुबईतच वारले. मोठ्यांचा वनवास वर्तमानपत्रात छापून येतो, आमचा नोकरीच्या व्हिसावर चालतो. निवृत्ती जवळ आली. वर्गातली मुले विचारतात, "बाई, मग तुम्ही कुठे जाणार?" याचेही उत्तर अजून नाही.

१४ मे २०२३ ला राबुकांनी, आता पंतप्रधान म्हणून, जाहीर माफी मागितली. बाबा असते तर म्हणाले असते, "बरं झालं," आणि शेताकडे वळले असते. आमचे मन तेवढे मोठे नाही. पण ऐकताना रडू आले, हे खरे.

येताना आम्ही पणजोबांचा गिरमिटाचा पास बरोबर आणला. त्यावर त्यांचे नाव, बापाचे नाव, जिल्हा, गाव आहे. जमीन गेली, तो कागद राहिला.

मुलांनो, आज घरी जाऊन आजी-आजोबांना तेवढे चार शब्द विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. हाच आमचा गृहपाठ.