राउटरचं मागचं दार

घरातल्या वाय-फाय राउटरला स्वतःचं एक सेटिंगचं पान असतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा तसाच एखादा पत्ता टाकला की ते उघडतं. वाय-फायचा पासवर्ड वेगळा, या पानाचा वेगळा; आणि हा दुसरा बदलायचा हमखास राहून जातो.

राउटरवर हल्ले खरोखर होतात: मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ हा घातक प्रोग्राम उघडकीस आला. ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणं, मुख्यतः घरांतले आणि छोट्या कचेऱ्यांतले राउटर, त्याने ग्रासली होती.

तेव्हा सेटिंगच्या त्या पानावर जाऊन ‘रिमोट मॅनेजमेंट’ आजच बंद करा. बाहेरच्या इंटरनेटवरून ते पान मग उघडणार नाही. सोय असेल तर केबलने जोडलेल्या संगणकापुरतंच ते खुलं ठेवा. पाहुण्यांना मात्र मुख्य वाय-फायऐवजी वेगळं गेस्ट नेटवर्क द्या, पाहुणचारात त्याने काही उणं पडत नाही.