शंकापेटीतल्या चिठ्ठ्या



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'संगणक आणि आपली शाळा'. विषय मोठा आहे, मी त्यातल्या एका छोट्या कामाबद्दल बोलते. शनिवारच्या गणिताच्या वर्गासाठी आपण माजी विद्यार्थ्यांनी शंकापेटी ठेवली आहे. मुलं चिठ्ठीवर शंका लिहून टाकतात, आपल्यापैकी कोणीतरी उत्तर लिहितं आणि मी ते सगळं संगणकावर चढवते. आता चिठ्ठ्या इतक्या झाल्यात की मागे सोडवलेली शंका सापडतच नाही. म्हणून प्रत्येक चिठ्ठीला विषयाची खूण लावायची ठरलंय. टॅग म्हणा हवं तर. काम कारकुनी वाटतं, पण मुलाला त्याचं उत्तर सापडणार की नाही, हे तिथेच ठरतं.

सगळ्यांनी सुचवलेला सोपा उपाय म्हणजे पुस्तकातल्या प्रकरणांची नावं. माझा त्याला विरोध आहे. एक चिठ्ठी अशी : 'आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी गोल आहे. तिच्यात किती लिटर पाणी मावतं ते कसं काढायचं?' पुस्तकाप्रमाणे याची खूण 'महत्त्वमापन'. घोडपदेवच्या चाळीतून नुकतंच टॉवरमध्ये राहायला गेलेलं पोर शोधायला बसलं, तर हा शब्द लिहील? ते 'टाकी' लिहील, 'लिटर' लिहील, फार तर 'घनफळ'.

दुसरी चिठ्ठी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. नाव प्रवाहाच्या दिशेने इतका वेळ घेते, विरुद्ध दिशेने तितका, तर प्रवाहाचा वेग किती? सोडवणारा लगेच म्हणतो, 'दोन चलांतील रेषीय समीकरणे'. अहो, पण हे तर निम्मं उत्तर झालं! इथे दोन अज्ञात संख्या धरायच्या, हे ज्याला सुचलं त्याने चिठ्ठी कशाला टाकली असती? रीतीच्या नावाची खूण ज्याला रीत माहीत आहे त्याच्याच कामाची.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिली खूण मुलाला जे दिसतं त्याची : टाकी, वेग, व्याज, सावली. दुसरी खूण रीतीची, आणि ती उत्तर लिहून झाल्यावर, उत्तर लिहिणाऱ्याने लावायची. ही काही माझी अक्कल नाही. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'तली प्रकरणं बघा. खात म्हणजे खणलेला खड्डा, चिती म्हणजे विटांची रचाई, क्रकच म्हणजे करवत, राशी म्हणजे धान्याची रास, शिवाय छाया. ही झाली डोळ्यांना दिसणारी नावं. त्याच पुस्तकात त्रैराशिक आणि कुट्टक ही रीतींची नावंही आहेत. दोन्ही सुखाने नांदतात. अलीकडचं उदाहरण रंगनाथन यांचं. मद्रासला गणित शिकवत होते, पुढे ग्रंथपाल झाले आणि 1933 मध्ये त्यांनी कोलन वर्गीकरण दिलं. पुस्तकाला आधीच ठरलेल्या एकाच कप्प्यात न कोंबता त्याच्या वेगवेगळ्या अंगांची चिन्हं जोडत जायची, ही त्यांची पद्धत.

आता शब्दांची गंमत. पहिल्या दिवशी मी 'वर्ग' अशी खूण केली. तिच्याखाली वर्गसमीकरणं आली, वर्गमूळ आलं, सांख्यिकीतलं वर्गांतर आलं आणि 'आठवीच्या वर्गाला हे आहे का?' ही चिठ्ठीही आली. उलट सेमी-इंग्लिशची मुलं लिहितात 'मिडियन'. तो मराठीत एक नाही, दोन आहेत. आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येतो तो मध्यक, आणि त्रिकोणाच्या शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत जाते ती मध्यगा. इथे मराठी इंग्रजीपेक्षा नेमकी आहे, हे मला भलतंच आवडलं. लसावि आणि एलसीएम मात्र एकच, तेव्हा कुठलाही शब्द लिहिला तरी त्याच चिठ्ठ्या पुढे याव्यात, अशी सोय केली आहे. तेवढं संगणकाला जमतं. मध्यक की मध्यगा हे चिठ्ठी वाचून माणसालाच ठरवावं लागतं.

मुलांनाच खुणा लावायला सांगून पाहिलं. प्रत्येक चिठ्ठीवर 'आयएमपी'. आपण तरी वेगळं काय करत होतो?

राहता राहिली 'इतर' ही खूण. ती मी ठेवलेली नाही, आणि यावरून समितीत वाद झाला. कारण आठवीतल्या एका मुलीची चिठ्ठी. चार अंक घ्यायचे, सगळे सारखे नकोत. त्यांची सर्वांत मोठी संख्या करायची, तिच्यातून सर्वांत लहान वजा करायची, उत्तरातल्या अंकांचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की 6174 येतो आणि तिथेच थांबतो, कारण 7641 वजा 1467 पुन्हा 6174. तिने विचारलंय, 'असं का?' देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी शोधलेली ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण आपल्या पुस्तकातल्या कुठल्या प्रकरणात ती बसवाल? प्रकरणांच्या यादीने गेलो तर ही चिठ्ठी 'इतर'मध्ये जाते, आणि 'इतर' कोणी उघडत नाही. मी तिला 'अंकांचे खेळ' आणि 'वजाबाकी' अशा दोन खुणा दिल्या आहेत. रीतीची जागा रिकामी आहे, कारण उत्तर अजून कोणी लिहिलेलं नाही.

पेटी मागच्या टेबलावर आणून ठेवली आहे. बिनखुणांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे रबर लावून बांधलेत. जेवणाआधी प्रत्येकाने एकेक गठ्ठा घ्या. खुणा पेन्सिलने लिहा, खोडाव्या लागतील. आणि 6174 ची चिठ्ठी सर्वांत वर आहे. आपल्या बॅचमध्ये गणित घेऊन एम.एस्सी. झालेले दोघं आहेत, ते समोरच बसलेत.