एका गिटारवादकाची घडण आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या समारंभात आम्ही दोन शब्द बोलावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. शिक्षकाने अशा प्रसंगी अभ्यासाचे महत्त्व सांगावे आणि खाली बसावे, ही रूढी आहे. ती आज आम्ही किंचित बाजूला ठेवणार आहो. कारण हल्ली आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक नवी चिंता वारंवार ऐकू येते. "गुरुजी, चिरंजीवांनी गिटार घेतली आहे. अभ्यास बुडवतो असे नाही. पण पुढे हेच करणार म्हणतो. त्याला आपण चार शब्द सांगा." ते चार शब्द कोणते असावेत, याचा विचार करताना आम्हांस वाटले की, ज्या पुरुषाने खरोखरच जन्मभर हेच केले आणि त्यातच कीर्ती व भाकरी दोन्ही मिळविली, त्याची घडण कशी झाली हे आधी पाहावे, उपदेश त्यानंतर करावा. म्हणून स्पेन देशाचे थोर गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांचे चरित्र आम्ही आजच्या व्याख्यानास घेतले आहे.

सेगोव्हियांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९३ रोजी दक्षिण स्पेनमधील लिनारेस या गावी झाला. शिशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव. मूल लहान असतानाच आईबापांनी त्याला विलाकारिल्यो येथे राहणाऱ्या काका-काकूंच्या स्वाधीन केले. आईपासून दुरावलेले पोर रडू लागले की काका त्याला मांडीवर घेत, गाणे म्हणत आणि हातात वाद्य नसतानाच गिटार छेडल्याचा अभिनय करीत. संगीताचा पहिला संस्कार आपल्यावर तेथे झाला, असे सेगोव्हियांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. ध्यानात घ्या, तेथे वाद्यही नव्हते आणि शिक्षकही नव्हता. होती ती केवळ घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची माया.

पुढे काकांनी मुलाला व्हायोलिन शिकविण्यासाठी एका शिक्षकाकडे घातले. त्या गृहस्थांची रीत चिमटे काढून शिकविण्याची होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला; मुलगा व्हायोलिनला दुरावला. त्यानंतर एक फिरता गिटारवाला गावात आला आणि त्याच्याकडून मुलाने थोड्याच दिवसांत, त्या बिचाऱ्याला येत होते तेवढे सगळे उचलले. एकाच मुलाने एका गुरूपाशी काहीच घेतले नाही आणि दुसऱ्यापाशी सर्व घेतले, यातील मर्म आम्हां शिक्षकवर्गाने विशेषकरून लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शिक्षणासाठी कुटुंबाने त्याला ग्रानादा शहरी आणले. तेथे गिटारचे वेड वाढले, आणि त्याबरोबर घरच्यांची नापसंतीही वाढली. ती नापसंती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. त्या काळी स्पेनमध्ये गिटार म्हणजे गुत्त्यांत, जत्रांत आणि नाचगाण्याच्या साथीला वाजणारे वाद्य. पियानो किंवा व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाला संगीतशाळेचा दरवाजा उघडा होता. गिटारला तो बहुधा बंदच होता. फ्रान्सिस्को तार्रेगा यांच्यासारख्या थोर वादकांनी या वाद्यासाठी सुंदर रचना केल्या होत्या, हे खरे; परंतु त्यांचे श्रोते म्हणजे दिवाणखान्यात जमणारी मोजकी रसिक मंडळी. तेव्हा आपल्या मुलाने हे वाद्य हाती धरून पोट भरावे, ही कल्पना कोणत्या पालकाला रुचली असती?

गुरू नाही, शाळा नाही. मग मुलाने काय केले? तो स्वतःचाच गुरू झाला आणि स्वतःचाच शिष्य झाला. त्याने संगीताची लिपी आत्मसात केली, जुन्या रचना शोधून काढल्या, पियानोसाठी लिहिलेल्या पाठांवरून आपल्या बोटांचे पाठ बसविले. एक सूर कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्यावर, कोणत्या बोटाने काढला असता गोड लागेल, याचा त्याने अखंड शोध चालविला. १९०९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ग्रानादा येथील कलामंडळात त्याचे पहिले जाहीर वादन झाले. तार्रेगांना भेटण्याची त्याला फार इच्छा होती. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात तार्रेगा निवर्तले. त्यांचे शिष्य मिगेल ल्योबेत यांच्या सहवासाचा लाभ मात्र सेगोव्हियांना पुढे झाला. आपण सर्वस्वी स्वयंशिक्षित आहो, असे सेगोव्हिया सांगत. तथापि पूर्वसूरींचे हे ऋण विसरून चालणार नाही.

यानंतरची हकिगत मोठी हृद्य आहे. माद्रिदला वादन करावयाचे, तर त्या योग्यतेचे वाद्य हवे आणि विकत घेण्यास पैसा नाही. तरुण सेगोव्हिया प्रसिद्ध वाद्यकार मान्वेल रामिरेस यांच्या दुकानात गेले आणि एका मैफलीपुरती गिटार भाड्याने मागू लागले. पियानो भाड्याने मिळतो, मग गिटार का मिळू नये, असा त्यांचा प्रश्न. रामिरेस यांना गंमत वाटली. त्यांनी एक उत्तम वाद्य हाती दिले व वाजविण्यास सांगितले. वादन ऐकल्यावर त्यांनी ती गिटार भाड्याने दिली नाही, विकलीही नाही. तिची किंमत पैशाविना फेड, अशा आशयाचे उद्गार काढून ती देऊन टाकली. १९१२ सालची ती गिटार सेगोव्हियांनी पंचवीस वर्षे जगभर वाजविली. पुढे १९३७ साली जर्मन वाद्यकार हर्मान हाउझर यांनी घडविलेली गिटार त्यांनी घेतली. आज ही दोन्ही वाद्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात जतन केलेली आहेत. रामिरेस यांची किंमत अशा रीतीने पुरेपूर फेडली गेली.

सेगोव्हियांच्या कीर्तीचा प्रवास आता थोडक्यात सांगतो. गिटारचा आवाज नाजूक. मोठ्या सभागृहात तो पोचणार नाही, असे जाणते लोकही म्हणत. सेगोव्हियांनी बार्सिलोनाच्या मोठ्या संगीतगृहात वादन करून ती शंका फेडली. १९२४ साली पॅरिस आणि १९२८ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे त्यांची पहिली वादने झाली व त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १९३५ साली त्यांनी पॅरिसमध्ये, बाख या जर्मन संगीतकाराची एकट्या व्हायोलिनसाठी रचलेली 'शाकोन' ही दीर्घ आणि कठीण रचना गिटारवर सादर केली. असे धाडस म्हणजे अधिक्षेप, असे मानणारे पुष्कळ होते. आज ती रचना गिटारच्या अभ्यासक्रमात मानाने बसली आहे. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले, तेव्हा त्यांना देश सोडावा लागला. दक्षिण अमेरिकेतील मोन्तेव्हिदेओ शहरी त्यांनी नव्याने बिऱ्हाड मांडले. परंतु साधनेत खंड पडू दिला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. सेगोव्हिया उत्तम वाजवीत एवढ्यावरच त्यांचे पोट भरले असते काय? आम्हांस तसे वाटत नाही. उत्तम वाजविणारे त्यांच्या आधीही होऊन गेले. सेगोव्हियांनी आपल्या वाद्याचा सगळा संसार उभा केला. वाजविण्यास पुरेशा रचना नाहीत, हे पाहून त्यांनी बहुतांशी स्वतः गिटार न वाजविणाऱ्या संगीतकारांना गाठले आणि त्यांच्याकडून रचना लिहवून घेतल्या. मेक्सिकोचे पोन्से, ब्राझीलचे व्हिला-लोबोस, इटलीचे कास्तेल्नुओवो-तेदेस्को, स्पेनचे तोरोबा, तुरिना आणि रोद्रिगो अशा अनेकांनी त्यांच्यासाठी लिहिले. रोद्रिगो यांनी १९५४ साली लिहिलेली, वाद्यवृंदासह वाजविण्याची 'फांतासिया' आजही जगभर वाजते. त्या काळी गिटारच्या वरच्या तारा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून बनविलेल्या असत. त्या वरचेवर तुटत, हवेने सैल पडत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तर तातीची टंचाईच झाली. तेव्हा आल्बर्ट ऑगस्टीन या न्यूयॉर्कच्या वाद्यकाराने नायलॉनच्या तारा तयार केल्या, त्या सेगोव्हियांनी पारखून स्वीकारल्या आणि पाहता पाहता त्या सर्वत्र रूढ झाल्या. १९५० पासून इटलीत सिएना येथे आणि १९५८ पासून स्पेनमध्ये सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथे त्यांनी उन्हाळी वर्गांत शिकविले. व्हेनेझुएलाचे आलिरिओ दियास, ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन विल्यम्स असे नामांकित शिष्य त्यांतून निघाले. ज्या गिटारला संगीतशाळेचा उंबरठा बंद होता, ती आज जगातील असंख्य संगीतशाळांत शिकविली जाते.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. नाहीतर चरित्र न राहता आरती होते. सेगोव्हिया कठोर गुरू होते. शिष्याने बोटे ठेवावीत तीसुद्धा आपण ठरविल्याप्रमाणेच, असा त्यांचा आग्रह असे, आणि विल्यम्स यांनी पुढे या पद्धतीविषयी उघडपणे नाराजी व्यक्त केली. विजेवर चालणाऱ्या गिटारबद्दल त्यांना तिटकारा होता. लोकांच्या करमणुकीतून हे वाद्य वर काढण्याच्या भरात, ज्या लोकांनी ते शतकानुशतके जिवंत ठेवले त्यांच्याकडे त्यांनी काहीसे उपेक्षेने पाहिले, हेही खरे. परंतु रियाज त्यांनी कधी सोडला नाही. १९८१ साली स्पेनच्या राजाने त्यांना सालोब्रेन्याचे मार्क्विस ही सरदारकी दिली. वयाची नव्वदी उलटल्यावरही ते मैफिली करीत होते. २ जून १९८७ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, माद्रिद येथे त्यांचे देहावसान झाले.

कोणी म्हणेल, स्पेनच्या गोष्टीचा आपल्या घराशी काय संबंध? संबंध आहे. आपल्याकडेही गाणे-बजावणे हे कुलीनांचे काम नव्हे, असे मानले जात होतेच. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, संगीताला शाळा, पाठ्यपुस्तक आणि परीक्षा दिली, तेव्हा कोठे पांढरपेशा घरांतील मुलामुलींच्या हाती तंबोरा आला. म्हणजे ग्रानादा काय आणि महाराष्ट्र काय, कलेला मान आपोआप मिळत नाही. तो कोणीतरी जन्म वेचून मिळवून द्यावा लागतो.

आता ज्या पालकांनी प्रश्न विचारला त्यांस आमचे निवेदन असे. गिटार घेणारा प्रत्येक मुलगा सेगोव्हिया होत नाही. हे आम्ही स्पष्ट सांगतो. परंतु मुलगा कोणत्या जातीचा आहे, म्हणजे हौशी की साधक, हे रागावून कळत नाही; पाहून कळते. कोणी आठवण न करता तो रोज ठरावीक वेळी बसतो काय? टाळ्या मिळणारी गाणी सोडून कंटाळवाणे स्वरपाठ घोटतो काय? लिपी वाचावयास शिकतो काय? असे सलग दोन-तीन वर्षे घडले, तर ती लहर नव्हे, तो स्वभाव होय. अशा मुलाचे शालेय शिक्षण पुरे होऊ द्यावे आणि त्याला चांगला शिक्षक पाहून द्यावा. त्याला हेही सांगावे की, वादनाच्या जोडीला शिकविणे, रचना करणे, लिहिणे, वाद्याची घडण जाणणे, हे सर्व आले तरच हा व्यवसाय संसार पेलतो. आणि ज्याची ती केवळ हौस ठरेल, त्याचेही नुकसान काही नाही. दिवसभर कचेरीत काम करून संध्याकाळी वाद्य हाती घेणारा माणूस आपल्या घराला जडच का व्हावा?

शेवटी मंडळास एक विनंती. आपला विद्यार्थी साहाय्य निधी आजवर केवळ परीक्षेतील गुणांकडे पाहून वाटला जातो. त्यातील एक लहानसा हिस्सा दरवर्षी संगीत शिकणाऱ्या एका गरजू मुलास अथवा मुलीस द्यावा. पक्षपाताचा संशय नको म्हणून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, अथवा पाश्चात्त्य वाद्यांकरिता लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आपल्याकडे होतात, त्यांचे निकाल प्रमाण धरावेत. रक्कम थोडी असली तरी चालेल. एका वाद्यकाराने एका परक्या तरुणाच्या हाती विश्वासाने एक वाद्य दिले, त्यापेक्षा अधिक आपल्याकडे कोणी मागत नाही. कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीत याचा विचार करावा, आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी आपले आक्षेप तेथे मोकळेपणाने मांडावेत. ऐकून घेण्यास आम्ही सिद्ध आहो.