पहिले दहा किलोमीटर



क्रीडा पारितोषिक समारंभात वक्त्याने आपल्या विजयाची गोष्ट सांगावी, असा प्रघात आहे. माझ्याजवळ तशी गोष्ट नाही. म्हणून तुम्हांला माझ्या एका चुकीची गोष्ट सांगतो. ती ऐकून तुमच्यापैकी एकाची जरी चूक टळली, तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.

मॅरेथॉन शर्यत म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले. त्या दिवशी उकाडा होता. यजमान देशाचे काही धावपटू आरंभीच सुसाट सुटले आणि लवकरच मागे पडले. इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांआधी क्रीडांगणात शिरला. पण तो पुन्हा पुन्हा कोसळला आणि इतरांनी हात दिला म्हणून बाद ठरला. विजयी झाला अमेरिकेचा जॉनी हेज. आरंभी तो मागेच राहिला होता.

हा इतिहास मला ठाऊक होता. तरीही 2018 च्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये मी तीच चूक केली.

माझे एक शिक्षकमित्र आणि मी, आम्ही सात महिने एकत्र सराव केला होता. पाच तासांत शर्यत पुरी करायची, म्हणजे किलोमीटरला सुमारे सात मिनिटे, आणि शेवटपर्यंत सोबत राहायचे, असे ठरले होते. पहाटेचा गारवा, भोवती हजारो माणसे. पाय हलके वाटू लागले. मित्र म्हणाला, "अरे, घड्याळ बघ." मी म्हटले, "आता वेळ कमावून ठेवतो, पुढे कामी येईल." आणि त्याला सोडून पुढे निघालो. पहिले 10 किलोमीटर एका तासात झाले. निम्मे अंतर सव्वादोन तासांत, म्हणजे ठरल्यापेक्षा पंधरा मिनिटे आधी कापले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बत्तिसाव्या किलोमीटरला पाय दगडासारखे झाले. याचे कारण समजून घ्या. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो साधारण दीड ते दोन हजार कॅलरींचा. पासष्ट किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी सुमारे 2,700 कॅलरी लागतात. उरलेली शक्ती चरबीतून येते. परंतु जितके जोरात धावावे, तितकी साखर अधिक जळते. वेळ कमावतो असे म्हणणारा खरे तर शिदोरी उधळत असतो.

हाजी अलीच्या पुढे पेडर रोडचा चढ लागतो. तेथे मी फुटपाथवर बसलो. थोड्या वेळाने मित्र आला. त्याची चाल ठरल्याप्रमाणे होती. "तू जा," मी म्हटले. तो गेला नाही. हात देऊन म्हणाला, "ऊठ. चालत जाऊ." आम्ही पाच तास सत्तावीस मिनिटांनी पोहोचलो.

पहिल्या निम्म्यात मी पंधरा मिनिटे कमावली होती, दुसऱ्यात बेचाळीस गमावली. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, मित्राची सत्तावीस मिनिटे माझ्या उतावळेपणात गेली. पुढे गुडघ्याच्या दुखण्यामुळे त्याला पुन्हा मॅरेथॉन धावता आली नाही. त्याने याबद्दल कधी शब्द काढला नाही. मला मात्र ते विसरता येत नाही.

तेव्हा मित्रहो, लांब शर्यतीत उतराल तर आरंभी अंगातल्या उत्साहावर नव्हे, घड्याळावर विश्वास ठेवा. शेजाऱ्याशी पुरे वाक्य बोलता येईल, इतक्याच वेगाने धावा. तहान लागेल तसे घोट घोट पाणी घ्या. केनियाच्या एलिउड किपचोगेने 2018 साली बर्लिनमध्ये 2 तास 1 मिनिट 39 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचे दुसरे निम्मे अंतर पहिल्यापेक्षा कमी वेळात झाले होते.

2019 साली मी पुन्हा धावलो. चार तास अठ्ठावन्न मिनिटे लागली. ते सांगायला मित्राच्या घरी गेलो. त्याने एवढेच विचारले, "पहिले दहा किती वेळात?"

"बाहत्तर मिनिटे," मी म्हटले.

तेव्हा तो हसला.