संग्रहालयाच्या दात्यांचें ऋण

देवालयाला दान द्यावें, नदीवर घाट बांधावा, वाटेवर धर्मशाळा उभारावी, उन्हाळ्यांत पाणपोई घालावी, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. पाणपोईवर तहान भागविणारा वाटसरू पाणी घालणाऱ्याला तेथल्या तेथें दुवा देतो आणि पुढें चालूं लागतो. उपकार आणि आभार यांची एकाच क्षणीं गांठ पडते. इतिहासाच्या वस्तुसंग्रहालयाला दिलेल्या दानाची गोष्ट मात्र निराळी आहे. तें दान ज्याच्यासाठीं असतें, तो पुष्कळदां अद्याप जन्मालाहि आलेला नसतो. देणारा आज देतो, घेणारा शंभर वर्षांनीं येतो. दोघांची दृष्टादृष्टहि होत नाहीं. मग अशा दात्याचे आभार कोणीं मानावयाचे, आणि ते कशा रीतीनें मानावयाचे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

नित्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. दात्याच्या नांवाची संगमरवरी पाटी बसवितात, त्याचें तैलचित्र लावतात, समारंभांत त्याला शाल आणि श्रीफळ देतात. यांत वावगें कांहींच नाहीं. ज्यानें दिलें त्याचें नांव चारचौघांत घेणें हा शिष्टाचार आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. परंतु पाटी बसविली म्हणजे ऋण फिटलें, असें समजणें चुकीचें आहे. तें चुकीचें कां, याचें उत्तर मुंबईतील एका जुन्या वास्तूच्या इतिहासांत सांपडतें.

भायखळ्याला राणीच्या बागेंत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या नांवाचें वस्तुसंग्रहालय आहे. मुंबई शहराचा पूर्वेतिहास सांगणारे नकाशे, निरनिराळ्या धंद्यांतील आणि जातिजमातींतील लोकांच्या मातीच्या लहान लहान मूर्ति, धातूचें आणि हस्तिदंताचें नक्षीकाम असा संग्रह तेथें पाहावयास मिळतो. या संग्रहाचें मूळ १८५५ सालीं पॅरिस येथें भरलेल्या प्रदर्शनांत आहे. त्या प्रदर्शनासाठीं मुंबई इलाख्यांतील कारागिरीचे आणि कच्च्या मालाचे नमुने गोळा करण्यांत आले. त्यांच्या जोडीचे नमुने येथें ठेवून घेऊन किल्ल्यांतील लष्कराच्या बराकींत एक लहानसें संग्रहालय उघडण्यांत आलें. तोंच १८५७ चा उठाव झाला. सैन्याला बराक हवी झाली, आणि जमविलेल्या वस्तू बाहेर फेकल्या गेल्या. पुष्कळ वस्तूंचा नाश झाला. डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनीं उरल्यासुरल्या वस्तू उचलून टाउन हॉलमध्यें नेऊन ठेवल्या. गोळा करावयास जे श्रम पडले, त्यांच्या मानानें नाश होण्यास अगदींच थोडा वेळ लागला.

त्यानंतर १८५८ च्या अखेरीस मुंबईच्या नागरिकांनीं सभा भरविली आणि संग्रहालयासाठीं स्वतंत्र इमारत उभारण्याचा निश्चय केला. जगन्नाथ शंकरशेट, सर जमशेटजी जिजीभाई, डेव्हिड ससून यांच्यासारखे दाते पुढें आले. एक हिंदु, एक पारशी, एक बगदादहून आलेला यहुदी. धर्म निराळे, भाषा निराळ्या. परंतु आपल्या शहराची आठवण एका छपराखालीं राहावी, याविषयीं त्यांचें एकमत होतें. बर्डवुड यांच्या जोडीला वर्गणी जमविण्यासाठीं झटणारे डॉक्टर भाऊ दाजी हे जन्मानें गोमंतकांतले, व्यवसायानें वैद्य आणि छंदानें प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक होते.

१८६२ सालीं पायाभरणी झाली. अमेरिकेंत त्यावेळीं यादवी युद्ध चाललें होतें. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्यामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहरांत पैशाचा पूर लोटला, आणि त्याबरोबर शेअरांचा सट्टाहि माजला. १८६५ सालीं युद्ध थांबलें, कापसाचे भाव कोसळले आणि कालचे लक्षाधीश आज कर्जबाजारी झाले. भाऊ दाजींनाहि त्या आपत्तीचा जबर फटका बसला. संग्रहालयाचें काम पैशावांचून अडून राहिलें. पुढें सरकारनें तें हातीं घेऊन पुरें केलें, आणि २ मे १८७२ या दिवशीं संग्रहालय लोकांना खुलें झालें.

आतां एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सर जमशेटजी १८५९ सालीं वारले. डेव्हिड ससून १८६४ सालीं गेले. नाना शंकरशेट १८६५ सालीं निवर्तले. या तिघांपैकीं एकाहि दात्यानें पुरी झालेली इमारत डोळ्यांनीं पाहिली नाहीं. भाऊ दाजींनीं ती पाहिली, परंतु दोनच वर्षांनीं, १८७४ सालीं, त्यांचाहि अंत झाला. इमारतीला नांव मिळालें तें इंग्लंडच्या राणीचें आणि तिच्या पतीचें. भाऊ दाजींचें नांव तिला दिलें गेलें तें १९७५ सालीं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एकशें एक वर्षांनीं. आभारांना इतका उशीर लागला म्हणून त्या मंडळींचें कांहीं अडलें नाहीं. आभारांच्या आशेनें त्यांनीं दिलेंच नव्हतें. अडतें तें मागच्यांचें. ऋण कोणाचें आहे हेंच जो समाज विसरला, तो तें फेडणार कसें?

पुढें काळानें आपलें काम केलें. मुंबईची खारी दमट हवा आणि दरवर्षींचा पाऊस यांनीं इमारत जीर्ण झाली. रंग उडाले, छत गळूं लागलें. तेव्हां २००३ सालीं मुंबई महानगरपालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनीं करार करून जीर्णोद्धार हातीं घेतला. २००५ सालीं या कामाला युनेस्कोचें पारितोषिक मिळालें आणि २००८ सालीं संग्रहालय पुन्हां उघडलें. पहिल्या दात्यांनीं जें उभें केलें, तें दुसऱ्या दात्यांनीं वांचविलें. हे दुसरे नसते, तर पहिल्यांची पाटी गळक्या छपराखालीं भिजत राहिली असती. तेव्हां संग्रहालयाला दिलेलें दान एकदां देऊन संपत नाहीं. प्रत्येक पिढीला तें नव्यानें द्यावें लागतें, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

पैशानें भिंती उभ्या राहतात. त्या भिंतींच्या आंत जें ठेवावयाचें, तें मात्र माणसांच्या घरांतून यावें लागतें. याचें उदाहरण पुण्याचें आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं महाराष्ट्रांत गांवोगांव हिंडून जुनें कागदपत्र मिळविलें, आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. राजवाडे ज्या घरांच्या पायऱ्या चढले, त्या घरांत कागदांचीं दफ्तरें बासनांत बांधून माळ्यावर पडलेलीं असत. कांहीं वाळवीनें खाल्लीं, कांहीं पावसांत कुजलीं, कांहीं वाण्याच्या पुड्यांना गेलीं. जीं उरलीं, तीं मागणें सोपें नव्हतें आणि देणें तर मुळींच सोपें नव्हतें.

तें अवघड कां होतें, हें आजच्या शहरी माणसाला सहजासहजीं उमगणार नाहीं. घराण्याच्या दफ्तरांत पराक्रमाच्या सनदाच असतात असें नाहीं. तेथें कर्जाचे रोखे असतात, भाऊबंदकीचे तंटे असतात, वतनाचे वाद असतात, कोणा पूर्वजाची लबाडीहि असते. तें बासन परक्याच्या हातीं देणें म्हणजे घराची अब्रू विश्वासावर सोंपविणें होय. ज्यांनीं तें केलें, त्यांनीं कागद दिले एवढेंच नव्हे, तर भरंवसा दिला. अशा दात्याचे आभार पाटीनें फिटत नाहींत. त्याचे कागद नीट वाचावे, त्यांत जें आहे तें लपवूं नये, जें नाहीं तें घुसडूं नये, आणि त्याच्या पूर्वजाचा दोष दिसला तर त्याची कुचेष्टा करूं नये, हेच त्याचे आभार. आपल्या शास्त्रकारांनीं पितृऋण आणि ऋषिऋण अशीं दोन ऋणें निरनिराळीं सांगितलीं आहेत. दफ्तर देणारा गृहस्थ आणि तें वाचणारा अभ्यासक यांच्या व्यवहारांत तीं दोन्हीं एकत्र येतात.

पुण्यांतच दुसऱ्या एका दात्याची आठवण होते. दिनकर गंगाधर केळकर यांचा धंदा चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नांवानें ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला आणि तो जन्मभर पुरला. तलवारी आणि चिलखतें यांच्यामागें लागणारे संग्राहक पुष्कळ असतात. केळकरांची नजर गेली ती दिव्यांवर, अडकित्त्यांवर, कुलपांवर, दौतींवर, पाय घासण्याच्या वज्रींवर, स्वयंपाकघरांतील भांड्यांवर, वाद्यांवर, मोडकळीस आलेल्या वाड्यांच्या कोरीव चौकटींवर. ज्या वस्तू मोडीच्या भावानें विकल्या जात होत्या, त्यांत त्यांना नांव न उरलेल्या कारागिराचा आणि घर चालविणाऱ्या स्त्रीचा इतिहास दिसला. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणींच वारला. १९६२ सालीं संग्रहालय स्थापन झालें, आणि १९७५ सालीं वीस हजारांच्या घरांत गेलेला हा सारा संग्रह केळकरांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

त्या संग्रहालयाचें नांव ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ असें आहे. आपल्या रीतीप्रमाणें तें मुलाचें पूर्ण नांव होतें. बाप त्यांत मध्यें, मुलाच्या आधारानें, उभा आहे. जो मुलगा हयात राहिला नाहीं, त्याच्या नांवानें सर्वांच्या मुलांना दिलेली ही देणगी आहे. शाळेंतील मुलें आज त्या दालनांतून रांगेनें जातात, एखादी पोर नक्षीच्या दिव्यापाशीं थबकते आणि मागच्या मुली तिला पुढें ढकलतात. केळकरांचे आभार त्या थबकण्यांत आहेत.

तर मग दात्यांविषयींची कृतज्ञता व्यवहारांत कशी दिसावी? पहिली गोष्ट नोंद. वस्तु आली, त्याच दिवशीं ती नोंदवहींत चढावी. कोणीं दिली, कोठून आली, तिच्याविषयीं देणाऱ्यानें काय सांगितलें, हें सारें लिहिलें जावें, आणि दात्याला पोंच मिळावी. नोंद हरवली कीं वस्तु पोरकी होते. पेशवाईंतील म्हणून आलेला अडकित्ता नोंदीवांचून नुसता एक जुना अडकित्ता उरतो.

दुसरी गोष्ट राखण. उजेडानें रेशीम विरतें आणि रंग फिके पडतात. पावसाळ्यांतील ओलीनें कागदाला बुरशी येते. कसर आणि वाळवी रात्रंदिवस काम करीत असतात. यांच्याविरुद्ध पहारा ठेवणें हें खर्चाचें काम आहे, आणि त्या खर्चाला दाता मिळणें कठीण असतें. नवें दालन बांधून त्यावर नांव घालावयास पुष्कळ उत्सुक असतात. परंतु जुन्या दालनाचें छत शाकारण्याला, कपाटांना, पहारेकऱ्याच्या पगाराला पैसे देणारा विरळा. जो अशा अदृश्य कामाला देतो, त्याचे आभार सर्वांआधीं मानावेत, कारण त्याचें दान इतर सर्वांच्या दानाचें रक्षण करतें. त्यांतहि दरवर्षीं नेमानें थोडें देणाऱ्याचें मोल मोठें आहे. थेंबें थेंबें तळें साचतें, आणि संग्रहालयाला रोजच्या पाण्याची गरज असते.

तिसरी गोष्ट दर्शन. कुलपांत ठेवलेली वस्तु सुरक्षित असते, परंतु ती दात्यानें आपल्या घरींहि कुलपांत ठेवलीच असती. त्यानें ती दिली, ती लोकांनीं पाहावी म्हणून. तेव्हां संग्रहालयांत जाणें, सोबत मुलांना नेणें, चिठ्ठीवर खालीं बारीक अक्षरांत लिहिलेलें दात्याचें नांव वाचणें, हें प्रत्येक नागरिकाच्या आवांक्यांतील आभारप्रदर्शन आहे.

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं अद्यापि एखादी जुनी पेटी असेल. तींत आजोबांच्या हातचें मोडी टिपण असेल, पणजीचा करंडा असेल. पेटी रिकामी करण्याचा दिवस कधीं ना कधीं येतोच. त्या दिवशीं रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वीं घरांतील वडील माणसाजवळ बसून एवढें विचारून घ्यावें, कीं हें कोणाचें, कोठून आलें, कशाला वापरीत असत. आणि तें एका कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवावें. पुढें ती वस्तु संग्रहालयांत गेली तर तो कागद तिच्याबरोबर जाईल, आणि घरींच राहिली तर नातवंडांच्या उपयोगीं पडेल. नाना शंकरशेटांइतकी संपत्ति सर्वांपाशीं नसते. परंतु एवढें दान कोणत्याहि घराला करतां येण्यासारखें आहे, आणि पूर्वींच्या दात्यांचें ऋण अंशतः तरी त्यानें फिटतें.