महापौरांच्या खुर्चीत किती बळ?

नळाला पाणी आले नाही, कचरा उचलला गेला नाही, की आपण नगरसेवकाला गाठतो. पण त्याच्या हाती अधिकार किती? १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. तरीही मार्च २०२२मध्ये मुदत संपलेल्या मुंबई आणि पुणे महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे गेला. निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये दिला, तोवर तीन वर्षे उलटली होती. लोकनियुक्त सभागृह असतानाही महापौराची मुदत अडीच वर्षांची असते आणि कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. पैशाचेही तसेच. २०१७मध्ये वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली आणि महापालिका राज्याच्या भरपाईवर विसंबली. म्हणजे जबाबदारी स्थानिक, पण दोर वरच्या हातात.

यावर कोणी म्हणेल, प्रशासक निर्णय झटपट घेतात, सभागृहात नुसता गोंधळ आणि टक्केवारी. आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र गैरव्यवहाराला उत्तर लेखापरीक्षण आणि खुल्या निविदा हे आहे. सभागृहच नसणे हे नव्हे. प्रशासक चुकला तर मतदार त्याला बदलू शकत नाही. आणि अधिकारच नसलेल्या पदाकडे कर्तबगार माणसे वळतील कशाला? नेतृत्व हवे असेल, तर निवडणुका वेळेवर, निधी हक्काचा आणि महापौराला पुरेशी मुदत व अधिकार, एवढे तरी द्यावेच लागेल.