यंत्राला वस्तीचं जुनं नाव कोण सांगणार?

(नेर इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी कविता वाचणार नाही. आज कागदावर बोलणार आहे. पिवळा पडलेला, कडा झडलेला, कचेरीच्या अंधाऱ्या खोलीत उंदरानं कुरतडलेला कागद. त्याच कागदाला आपल्या पोरांची फी, हॉस्टेल, नोकरी टांगलेली आहे.

हा जाच तुम्ही साऱ्यांनी भोगलाय. दाखला पायजे, पडताळणी पायजे, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पायजे. २००० सालच्या कायद्यानं पुराव्याचं ओझं मागणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवलं. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिवू दिलं नाही त्यालाच विचारतात, तुझा कागद कुठाय?

मग आपण कोतवाल बुक हुडकतो. वऱ्हाडात गावकामगार महार जन्ममृत्यूची खबर पाटलाकडे पोचवायचा आणि ती वहीत उतरायची. खबर आपली, पाय आपले, लेखणी दुसऱ्याची. त्या लेखणीनं आपल्या आज्याचं नाव अर्धं लिहिलं, धोंड्या, फकिऱ्या. जात मात्र पुरी लिहिली.

गेल्या साली भाच्याच्या पडताळणीसाठी मी एका कचेरीत गेलो. जुनी पानं संगणकावर चढवली होती. बाबूनं गावाचं नाव टाकलं, वस्तीचं नाव टाकलं : समतानगर. पडद्यावर आलं, नोंद नाही. बाबू म्हणाला, ‘‘नाही म्हंजे नाही.’’ घरी येऊन आजीला सांगितलं. ती हसली. म्हणाली, ‘‘बाबू, तवा याले समतानगर कोन म्हने? महारपुरा म्हनत याले.’’ दुसऱ्या दिवशी जुनं नाव दिलं. जात ‘महार’ नाही, ‘म्हार’ अशी टाकली. पणजोबा सापडले! अक्षरशत्रू आजी यंत्रापेक्षा शहाणी निघाली.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. चांगलं केलं. पण जुनं नाव आणि नवं नाव ही एकाच मातीची दोन नावं आहेत, हे यंत्राला कोण सांगणार?

कारण आता नुसतं शोधणारं नाही, वाचणारं यंत्र आलंय. कृत्रिम बुद्धिमत्ता. २०२५ साली आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरी करणारी अशी एक रीत पुढं आणली. दोन हजारांवर मोडी पानांची छायाचित्रं आणि माणसांनी केलेलं त्यांचं लिप्यंतर, यावर यंत्र शिकलं. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. मोडी म्हंजे हात न उचलता लिहिलेली लिपी. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. ती वाचणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यातली दप्तरं उघडली, मोडीवाले बोलवावे लागले. ज्यांना नोंदी मिळाल्या त्यांना मिळोत. माझा सवाल एवढाच, हुकूम निघाला की दप्तर उघडतं, तर आमच्या पोरासाठी ते बंद का?

पण यंत्राची एक खोड समजून घ्या. शाई पुसलेल्या जागी ते ‘मला कळत नाही’ असं म्हणेलच असं नाही. आधी जे पुष्कळदा पाहिलंय त्यावरून अंदाज ठोकून देतं. त्याला सरदार-इनामदारांची दप्तरं पाजली तर ते त्यांचीच नावं अचूक वाचील. आपल्या फकिऱ्याचं काय करील? पडताळणीत एक अक्षर चुकलं तर पोराचं साल जातं. यंत्राला शिक्षा नाही.

दुसरा धोका गोड आहे. कोणी म्हणेल, या नोंदीतले अपमानाचे शब्द यंत्राकडून साफ करून घेऊ. खबरदार! शिवी पुसली की शिवी देणाराही सुटतो. अन् तोच शब्द आज पोराचा पुरावा आहे. मूळ पान जसंच्या तसं राहिलं पायजे; शेजारी आपलं आजचं नाव आपण लिहू.

तिसरी गोष्ट, जे पान संग्रहात नाही ते यंत्र कुठून वाचील? २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ आलं, एक कोटीवर हस्तलिखितांचं काम. पण राष्ट्रीय हस्तलिखित मिशनच्या व्याख्येत हस्तलिखित किमान ७५ वर्षांचं लागतं. म्हंजे १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या माणसांनी पहिल्यांदा मोकळ्या हातानं लिहिलेली भीमगीतांची वही आज बाद! पोथी आत, वही बाहेर.

वाट पाहत बसू नका. बाबासाहेबांचं अप्रकाशित लेखनसुद्धा वर्षानुवर्षं पडून होतं. नागपूरचे वसंत मून त्यासाठी खपले, तेव्हा १९७९ पासून सरकारी खंड निघू लागले. सरकारला आपोआप जाग आली नव्हती.

म्हणून नेरच्या पोरांनो, तीन कामं. प्रत्येक घरची ट्रंक उघडा. जलशाची वही, वर्गणीची पावती, शाळेचा दाखला, सारं मोबाइलवर टिपा, मूळ कागद घरच्याच हाती ठेवा, एक प्रत विहारातल्या वाचनालयात. म्हाताऱ्यांजवळ बसा, वस्तीची, विहिरीची, माणसांची जुनी-नवी नावं लिहून घ्या. आणि कचेरीला लेखी बजावा : यंत्रानं ‘नोंद नाही’ म्हटलं म्हणून कोणाचा अर्ज फेटाळायचा नाही, मूळ पान माणसानं डोळ्यांनी पाहायचं.

आजी ऐंशीच्या पुढं आहे. तिच्याबरोबर महारपुऱ्याची वाट गेली की कुठलंच यंत्र ती शोधून देणार नाही. उद्या सकाळी वही घेऊन या. सुरुवात माझ्याच घरून.

जयभीम!